उसाच्या उंचीवरची तार : कृषी आणि ऊर्जा विभागांना एका निवृत्त लाइनमनचं खुलं पत्र

प्रति,
मा. सचिव, कृषी विभाग,
मा. सचिव, ऊर्जा विभाग,
मंत्रालय, मुंबई.

विषय : वीजतारांलगतच्या शेतात ड्रोनने होणारी फवारणी.

महोदय,

मी ३४ वर्षं लाइनवर काम केलं. १९८५ साली हेल्पर म्हणून लागलो, पुढे लाइनमन झालो आणि २०१९ मध्ये निवृत्त झालो. नोकरी जवळजवळ सगळी सातारा-सांगलीच्या उसाच्या पट्ट्यात झाली. आता मुलाकडे भांडुपला राहतो. आपणा दोघांना एकच पत्र लिहितो आहे, कारण विषय दोघांच्या सामाईक बांधावरचा आहे. ड्रोन कृषीच्या योजनेतून येतो, तार ऊर्जेच्या खात्यात मोडते. अपघात होतो तो दोघं जिथे भेटतात तिथे.

आधी जे डोळ्यांनी पाहिलं ते सांगतो.

गौरी-गणपतीला गावी गेलो होतो. कराडच्या पुढे कृष्णाकाठाला आमचं गाव. चुलतभावाची धाकटी सून बचतगटाची ड्रोनपायलट आहे. पंधरा दिवस घर सोडून प्रशिक्षण घेऊन आली, प्रमाणपत्र मिळवलं, आणि आता पंचक्रोशीतून तिला फोन येतात. आमच्या भावकीत बायकांनी मोटारसायकलला हात लावला तरी चर्चा व्हायची, तिथे ही पोरगी दहा लिटरचं यंत्र हवेत उडवते. मला तिचा अभिमान आहे. या पत्रात मी जे मागतो आहे ते तिच्या हातातला ड्रोन काढून घेण्यासाठी मागत नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो.

ऊस आडसाली होता. पुरता वाढलेला, डोक्याच्या वर दुप्पट. तांबेऱ्यासाठी फवारणी होती. अशा उसात माणूस पाठीवर पंप घेऊन शिरूच शकत नाही, पाती अंग कापून काढतात. म्हणूनच ड्रोनची खरी गरज उसाला आहे. सकाळी सातला सुरुवात केली, कारण नंतर वारा सुटतो आणि औषध शेजारच्या रानात जातं. सूनबाईने मोबाइलवर शेताची हद्द टाकली, ड्रोन आपापल्या ओळी मारत गेला. तासाभरात रान उरकलं. फक्त पूर्वेकडचा एक तिरका कोपरा कोरडा राहिला. तिने रिमोट हातात घेतला आणि तेवढा कोपरा स्वतः मारायला ड्रोन तिकडे वळवला.

त्या कोपऱ्यावरून ११ केव्हीची, म्हणजे ११,००० व्होल्टची लाइन जाते. तिला ते माहीत होतं. सकाळीच मला म्हणाली होती, "तात्या, तिकडं तार हाय, तिकडं मी जपूनच जाते." पण सूर्य समोर होता. ड्रोन उसाच्या शेंड्यांवर काळा ठिपका दिसत होता आणि तिची नजर ठिपक्यावर होती. मी बांधावर बसलो होतो. फट् असा आवाज आला, निळसर उजेड पडला आणि ड्रोन दोन तारांच्या मध्ये अडकून लोंबायला लागला. त्याच क्षणाला आजूबाजूच्या विहिरींवरच्या मोटारी थांबल्या. एवढी शांतता झाली की टाकीतून गळणाऱ्या औषधाचे थेंब पानांवर पडताना ऐकू येत होते.

तिचा दीर विशीतला आहे. त्याने पाटाकडेला पडलेला ओला वेळू उचलला आणि उसाच्या सरीत शिरला. मी ओरडलो. तो थांबून म्हणाला, "लाइट गेलीय की, तात्या. मोटारी बंद पडल्या. पाडतो खाली, लाखाची वस्तू हाय."

महोदय, त्या पोराला जे माहीत नव्हतं ते या राज्यातल्या प्रत्येक लाइनमनला माहीत आहे. फिडर, म्हणजे उपकेंद्रातून निघालेली लाइन, ट्रिप होऊन आपोआप बंद पडला की उपकेंद्रातला ऑपरेटर थोड्या वेळाने ट्राय घेतो, म्हणजे लाइन पुन्हा चालू करून बघतो. पुष्कळदा फांदी घासलेली असते, पक्षी बसलेला असतो, एकदा लाइन चार्ज केली की टिकते. ही ऑपरेटरची चूक नव्हे, ते त्याचं रोजचं काम आहे. त्याच्या पॅनलवर नुसता ट्रिप दिसतो. उसात कोण उभं आहे ते दिसत नाही. मी त्या पोराची कॉलर धरून त्याला बांधावर ओढलं आणि सेक्शनला, म्हणजे वीज कंपनीच्या स्थानिक कार्यालयाला, फोन लावायला घेतला. रिंग वाजत असतानाच लाइन परत आली. पुन्हा उजेड, मोठा आवाज, ड्रोनच्या बॅटरीतून धूर, आणि एक तार जळून तुटली. तिचं टोक उसात पडलं. ओल्या पानांतून चर्रर्र असा आवाज आला आणि मग फिडर पुन्हा उडाला. तो पोरगा जिथपर्यंत गेला होता ती जागा नंतर मी पावलांनी मोजली. तारेच्या टोकापासून नऊ पावलं.

जनमित्र, म्हणजे आताचा लाइनमन आला, उपकेंद्रातून लाइन बंद ठेवायचं परमिट घेतलं, दोन्ही बाजूंना तारा जमिनीला जोडून अर्थिंग केलं, मग ड्रोनचा सांगाडा खाली काढला. कोणालाही ओरखडा उठला नाही. म्हणून ही घटना कुठल्याच वहीत नाही.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच गणित घोळतं आहे, ते तुमच्यासमोर मांडतो. उघडी तार शेतातून जात असेल आणि दाब ११ केव्हीपर्यंत असेल, तर ती जमिनीपासून कमीत कमी ४.६ मीटर वर हवी असा केंद्रीय वीज प्राधिकरणाचा नियम आहे. ३३ केव्हीला ५.२ मीटर. हा आकडा जुन्या १९५६ च्या वीज नियमांतही होता. ४.६ मीटर म्हणजे पंधरा फूट. हे अंतर ठरलं तेव्हा तारेखालून काय जाणार होतं? बैलगाडी, माणूस, फार तर गवताने भरलेली गाडी. आता ऊस दहा ते बारा फूट धरा. ड्रोन पिकाच्या वर दोन ते तीन मीटर राहून फवारतो. म्हणजे जमिनीपासून सतरा ते बावीस फूट. तार पंधरा फुटांवर आहे, अठरावर आहे, वीसवर आहे. ज्या पिकाला ड्रोन सगळ्यात जास्त लागतो, त्याच पिकात ड्रोनची उंची आणि तारेची उंची एक होते. सोयाबीनमध्ये, हरभऱ्यात हा प्रश्न नाही. तिथे ड्रोन तारेच्या पुष्कळ खालून निघून जातो. उसात तो नेमका तारेच्या अंगावर येतो.

आणि हे पंधरा फूट कागदावरचे. ॲल्युमिनियमची तार उन्हाने आणि लोडने तापते, लांबते, पोटात खाली येते. चैत्र-वैशाखात दुपारी दोन खांबांच्या मध्ये उभं राहून वर पाहा, सकाळची तार आणि दुपारची तार वेगळी असते. खांब कलला, त्याला ताणून धरणारा स्टे ढिला पडला, गाळाच्या रानात खांबाचा पाया खचला, की आणखी फूटभर गेलं.

तारेची जाडी किती असते तेही सांगतो. ११ केव्हीच्या लाइनवर आम्ही जिला वीझल म्हणतो ती तार पावणेआठ मिलिमीटर आहे. रॅबिट घेतली तरी दहा मिलिमीटर. शिसपेन्सिलीएवढी. जुनी झाली की करडी पडते आणि पावसाळी आभाळाच्या रंगात मिसळून जाते. पुढे बघणारा रडार ड्रोनवर असला तरी एवढी बारीक तार त्याला हमखास सापडेल असा भरवसा कोणी धरू नये. आणि खाली बघणारा सेन्सर पिकाचा शेंडा मोजतो. ऊस उंच आला की ड्रोन उंच जातो, आज्ञाधारकपणे, तारेच्या दिशेने.

घरी आल्यावर मी मुलाला म्हटलं, जगात विमानाने फवारणी शंभर वर्षं चालली आहे, त्यांनी या तारांचं काय केलं ते शोधून दे. त्याने काढून दिलं ते मी रात्री बसून वाचत गेलो. ३ ऑगस्ट १९२१ ला अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावाजवळ जॉन मॅक्रेडी नावाच्या लष्करी वैमानिकाने अळी पडलेल्या झाडांवर विमानातून विषारी भुकटी टाकली. तिथून हा धंदा सुरू झाला. आपल्याकडे हिंदुस्थान एरोनॉटिक्सने फवारणीसाठी 'बसंत' नावाचं विमान बनवलं, ते १९७२ मध्ये उडालं. या वैमानिकांना पिकाच्या वर काही फुटांवरून जावं लागतं, शेताच्या टोकाला झटक्यात वर उचलून वळावं लागतं, आणि पुन्हा खाली यावं लागतं. त्यांच्या विमानांना पुढच्या काचेपाशी तार कापणारं पातं बसवतात आणि तार शेपटीत अडकू नये म्हणून कॉकपिटच्या छपरापासून शेपटीच्या टोकापर्यंत एक ताणलेली दोरी असते. यंत्राला असली शस्त्रं लावावी लागतात, यावरूनच त्या धंद्यात तार काय चीज आहे ते कळतं.

पण मला हलवून सोडलं ते ऑस्ट्रेलियाच्या आकड्यांनी. तिथल्या वाहतूक सुरक्षा मंडळाने २००१ ते २०१० या दहा वर्षांतल्या विमानं तारेला लागल्याच्या १८० घटना तपासल्या. त्यातल्या १०० शेतीच्या उड्डाणांतल्या होत्या. आणि ६३ टक्के वेळा वैमानिकाला ती तार तिथे आहे हे आधीपासून माहीत होतं.

हे वाचलं आणि मला सूनबाईचं वाक्य आठवलं. तिकडं तार हाय, तिकडं मी जपूनच जाते.

तार माहीत असून माणूस तिच्यावर जातो कसा, याचंही उत्तर तिथे दिलं आहे. ठरवलेलं काम ऐनवेळी बदलतं. लक्ष दुसरीकडे ओढलं जातं. आणि सगळं रान झाल्यावर राहिलेल्या कडा-कोपऱ्यांसाठी जी शेवटची फेरी मारतात, ती घात करते. आमच्या रानातली ती फेरी शेवटचीच होती. ठरलेल्या ओळींत ड्रोनने काही केलं नाही. राहिलेला कोपरा हाताने मारायला गेलो तेव्हा झालं. आपल्याकडे तर हे जास्तच लागू आहे, कारण खांब मधे रानात कमी आणि बांधाच्या कडेने जास्त असतात. कोपरा म्हटलं की खांब आला, स्टे आला, ट्रान्सफॉर्मरचा डीपी आला.

मग प्रश्न पडला, एवढं शंभर वर्षांचं शहाणपण ड्रोनबरोबर आपल्याकडे का आलं नाही? मला वाटतं, कारण ड्रोनमध्ये माणूस बसत नाही. विमान तारेला लागलं तर वैमानिक जायचा. ड्रोन लागला तर पायलट बांधावर सुखरूप उभी असते. त्यामुळे सगळ्यांची समजूत झाली की धोका यंत्रापुरता आहे, गेलं तर यंत्र जाईल, विमा आहे. पण वरचा धोका खाली उतरला आहे. तो आता ड्रोन काढायला जाणाऱ्या दिराच्या वाट्याला आला आहे, बॅटरी बदलणाऱ्या मदतनिसाच्या, शेजारच्या रानात वैरण कापणाऱ्या बाईच्या, आणि पडलेल्या तारेवरून रात्री पाणी द्यायला जाणाऱ्या माणसाच्या. हे लोक कुठल्याच प्रशिक्षणाला गेलेले नाहीत.

मुंबईत बसून हे दिसणं अवघड आहे, ते मी समजू शकतो. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत बेस्टची वीज जमिनीखालच्या केबलमधून येते. मंत्रालयातल्या माणसाला दिवसभरात उघडी तार दिसते ती बहुधा रेल्वेचीच. पण तीच घ्या. मध्य रेल्वेच्या तारा पूर्वी १,५०० व्होल्टच्या होत्या, त्या टप्प्याटप्प्याने २५,००० व्होल्टच्या झाल्या. त्यानंतर गाडीच्या टपावर चढलेली पोरं तारेला हात न लावताही भाजली, कारण एवढ्या दाबाला हवेतूनही उडी घेता येते. तेव्हा स्टेशनास्टेशनांत सांगितलं गेलं, फलक लागले, अजूनही लागलेले दिसतात. भांडुपला फलाटावर उभा राहिलो की वर बघायची मला सवय आहे, आणि लेकरांना घेऊन उभे असलेले आईबाप 'वर करंट आहे' असं म्हणताना मी ऐकले आहेत. मुंबईच्या माणसाला तार शिकवली गेली. उसातल्या माणसाला ड्रोन दिला, तार शिकवायची राहिली.

आता मागणं.

पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं, लाइन बंद कोणी, कशी, किती वेळ द्यायची याची लेखी पद्धत ठरवा. शेतीपंपांच्या फिडरला आठवड्याची पाळी असतेच, कधी दिवसा वीज, कधी रात्री. ज्या आठवड्यात रात्रपाळी, त्या आठवड्यात सकाळी तारांजवळचं रान फवारायला घेता येईल. वरवर पाहता यात काही खर्च नाही, नुसतं वेळापत्रक जुळवायचं. पण हे शेतकऱ्याच्या अंदाजावर सोडता येणार नाही, आणि इथे मी थोडा थांबतो, कारण इथेच माणसं जातात. मोटार चालत नाही म्हणजे लाइन मेली असं होत नाही. पुष्कळ ठिकाणी रानातल्या वस्तीसाठी सिंगल फेज चालू ठेवतात. मोटार त्याच्यावर फिरत नाही, तार मात्र जिवंत असते. कुठे एकाच रानावरून दोन फिडर जातात, एक शेतीचा आणि एक गावठाणाचा, आणि खालून बघणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात. कुठे कोणी जनरेटर लावलेला असतो, त्याचा रिटर्न उलटा लाइनवर येतो. माझ्या नोकरीत मी बंद म्हणून सांगितलेल्या लाइनला अर्थिंग केल्याशिवाय कधी हात लावला नाही, आणि म्हणून आज हे पत्र लिहायला आहे. त्यामुळे बंद म्हणजे उपकेंद्रातून परमिट, जनमित्र जागेवर, आणि काम संपल्याचा निरोप गेल्याशिवाय लाइन चालू नाही. लाइनमनला जे संरक्षण नियमाने मिळतं तेच ड्रोनपायलटला मिळावं. तीही लाइनजवळच काम करते आहे. आणि लाइन बंद असली तरी ड्रोन तारेपासून लांबच ठेवायचा, कारण तुटलेली तार लाइन चालू झाल्यावर कोणाच्या तरी जिवावर येतेच.

दुसरं, नकाशा. ड्रोन उडवण्यासाठी सरकारने डिजिटल स्काय म्हणून नकाशा दिला आहे. त्यात आमचं गाव हिरव्या रंगात आहे, म्हणजे ४०० फुटांपर्यंत परवानगी न घेता उडवा. सूनबाईने मला तो हिरवा रंग दाखवला होता. पण तो रंग विमानतळांच्या हिशेबाने दिलेला आहे, रानातल्या तारेच्या हिशेबाने नाही. फवारणीच्या बहुतेक ॲपमध्ये अडथळा टाकायची सोय असते. पायलट खांबाभोवती गोल काढते आणि तिला वाटतं झालं. दोन खांबांच्या मधली तार त्या गोलात येत नाही, आणि ड्रोन नेमका मधूनच जातो. खांब कुठे आहेत, लाइन कुठून कुठे जाते, हे वीज वितरणवाल्यांना ठाऊक असतं. गावाच्या गटनंबरवार हा आराखडा ड्रोन असलेल्या प्रत्येक बचतगटाला द्या. प्रिंट काढून द्या, मोबाइलवर द्या, पण द्या.

तिसरं, शिकवणी. नमो ड्रोन दीदी योजनेत १५,००० बचतगटांना ड्रोन देण्यासाठी केंद्राने १,२६१ कोटी रुपये ठेवले. प्रशिक्षण पंधरा दिवसांचं, पाच दिवस ड्रोन उडवण्याचं आणि दहा दिवस शेतीतल्या वापराचं. त्या पंधरातला एक दिवस लाइनमनला द्या. वर्गात नको, रानात. आम्ही तार बघत नाही, खांब वाचतो. खांबाला स्टे आहे म्हणजे लाइन तिथे वळते, संपते किंवा फुटते, आणि स्टे ताणाच्या उलट्या अंगाला असतो, त्यावरून तार कोणीकडे गेली ते उसात उभं राहून, तार न दिसताही सांगता येतं. पिन इन्सुलेटर आहे की डिस्क आहे यावरूनही कळतं. क्रॉसआर्म कुठे तोंड करून आहे ते बघितलं की पुढचा खांब कुठे असणार ते कळतं. उन्हाकडे तोंड करून तारेजवळचा कोपरा मारू नये, तो दुपारनंतर सूर्य पाठीशी आल्यावर, वारा नसेल तर, किंवा दुसऱ्या दिवशी मारावा. आणि कोपरा राहिला तर राहू द्यावा. चार गुंठ्यांचा तांबेरा परवडतो. हे सगळं शिकवायला एक दिवस पुरतो. एक माणूस मात्र असा हवा की ज्याने हे केलेलं आहे.

चौथं त्याच दिवशी शिकवता येईल, पण ते पायलटपेक्षा तिच्या घरच्यांना आणि गावाला सांगायला हवं. ड्रोन तारेत अडकला तर तो काढायला जायचं नाही. वेळूने नाही, दोरीने नाही, सुक्या लाकडानेही नाही. कितीही किमतीचा असो. लाइट गेली असली तरी नाही, ती परत येणार आहे असंच धरायचं. ड्रोनचे हात कार्बन फायबरचे असतात, त्यातून करंट जातो. टाकीतलं औषध मिसळलेलं पाणीही करंट नेतं. तार जमिनीवर पडली असेल तर ती मेली असं समजायचं नाही. कोरड्या रानात पडलेली तार फिडरला कळतही नाही, ट्रिप न होता तशीच जिवंत पडून राहते आणि भोवतालच्या जमिनीत करंट पसरतो. तिथे लांब ढांग टाकली तर दोन पायांत वेगवेगळा दाब येतो. पाय जुळवून, न उचलता, सरकत सरकत लांब जायचं. जनावर चार पायांवर उभं असतं, म्हणून अशा जागी म्हैस आधी जाते. आणि पहिला फोन १९१२ ला आणि सेक्शनला, ड्रोन कंपनीला नंतर. ऑपरेटरला एवढंच कळलं पाहिजे की 'लाइनवर ड्रोन आहे, ट्राय घेऊ नका.' हे वाक्य आणि दोन नंबर प्रत्येक शेतीड्रोनच्या टाकीवर मराठीत छापलेले असावेत. किती खर्च येईल याला?

लाइनच्या कामाबद्दल थोडक्यात लिहितो, कारण ते आपल्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. ऊसपट्ट्यात दोन खांबांमधल्या ज्या गाळ्यांची तार खाली आलेली आहे तिथे मधे एक खांब घाला, आणि ते काम ड्रोन पोहोचलेल्या गावांपासून सुरू करा. लघुदाबाच्या उघड्या तारा जिथे जमेल तिथे केबलमध्ये घ्या. आणि उसातल्या खांबांच्या वरच्या टोकाला पिवळा पट्टा मारा. खाली मारलेला रंग श्रावणानंतर उसात बुडतो, वरचा दिसत राहतो. देखभालीला खांबावर चढलेला माणूस परमिटमध्येच हे करून खाली येऊ शकतो.

आणि एक वही सुरू करा. आमच्या रानात झालं तसं, जिथे कोणी मेलं नाही, भाजलं नाही, फक्त ड्रोन तारेला लागला, ते लिहून ठेवायला जागा असावी. पायलट घाबरतात, सांगत नाहीत, ड्रोन जप्त होईल, सबसिडी परत मागतील असं त्यांना वाटतं. ही भीती काढून टाका. कुठल्या गावात, कुठल्या पिकात, किती वाजता, ठरलेल्या ओळीत की शेवटच्या फेरीत, एवढं जरी लिहिलं गेलं तरी दोन हंगामांत आपल्याला आपले स्वतःचे आकडे मिळतील. ऑस्ट्रेलियाला ते ६३ टक्के सापडले, कारण तिथल्या वैमानिकांनी 'होय, मला माहीत होतं' असं कबूल केलं आणि कोणीतरी ते टिपून घेतलं.

हे पत्र लिहायला मला वेळ लागला. मधे वाटलं, निवृत्त माणसाने कशाला. पण तो पोरगा दिवाळीला भांडुपला आला होता. माझ्या नातवाला खांद्यावर घेऊन गॅलरीतून खाली रस्त्यावरचे फटाके दाखवत होता. मी त्याच्याकडे बघत राहिलो. त्या सकाळी मी बांधावर नसतो, पलीकडे चहाला गेलो असतो, तर नऊ पावलं त्याला दहा सेकंद लागली असती.

सूनबाईचा ड्रोन दुरुस्त होऊन आला आहे. येत्या पंधरवड्यात तिच्याकडे सात एकरांचं काम आहे, खोडव्याचा ऊस, आणि त्यातल्या तीन एकरांवरून तीच लाइन जाते. तिने काल रात्री फोन करून विचारलं, "तात्या, लाइन बंद मागायची तर अर्ज कोणाकडं द्यायचा? कृषीच्या साहेबाकडं का वायरमनकडं?" तिला द्यायला माझ्याजवळ ओळखीच्या एका जनमित्राचा मोबाइल नंबर आहे. तो दिला. तो ओळखीखातर जाईलही. ज्यांची ओळख नाही त्यांनी अर्ज कोणाकडे द्यायचा, ते आपण दोघांनी मिळून ठरवून कळवावं.

आपला,
एक निवृत्त लाइनमन,
भांडुप (पश्चिम), मुंबई.